केमो कधी सुरू होणार?

दादाच्या डाव्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ आहे हे गावात समजले, त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेता घेता एकच प्रश्न विचारू लागला : “केमो कधी सुरू होणार?” मावशीने विचारला, साखर कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी विचारला, दूध घालायला येणाऱ्या मुलानेही विचारला. २०१३ साली शस्त्रक्रियेचे टाके निघाले तेव्हा हा प्रश्न होता आणि २०१८ साली फुफ्फुसांत गाठी दिसल्या तेव्हा तो पुन्हा, अधिक काळजीने विचारला गेला. “केमो नाही,” असे आम्ही सांगितले की ऐकणाऱ्याला दोहोंपैकी एक काहीतरी वाटे : एक तर रोग किरकोळ असावा, नाहीतर डॉक्टरांनी आशा सोडलेली असावी. दोन्ही समज चुकीचे होते. पण ते का चुकीचे आहेत हे सांगण्याइतकी माहिती तेव्हा आमच्यापाशीही नव्हती. मी महाविद्यालयात भाषा शिकवते, वैद्यक शिकलेले नाही. गेल्या बारा वर्षांत दादाचे कागद वाचता वाचता आणि डॉक्टरांना विचारता विचारता जे समजले, ते त्या पहिल्या दिवसांत कोणीतरी आम्हांला सांगायला हवे होते असे फार वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

दादा तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. कराडजवळच्या कारखान्यात तो काट्यावर कारकून होता. गळीत हंगामात रात्रपाळी, अवेळी जेवण, वीसेक वर्षांची बिडी आणि रक्तदाबाची गोळी चार दिवस घ्यायची, चार दिवस विसरायची, असा त्याचा क्रम होता. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही या कर्करोगाची जोखीम वाढवणारी तीन मुख्य कारणे आहेत, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये तो सुमारे दुप्पट आढळतो, हे मला पुढे कळले. त्याला झाला तो बिडीमुळेच झाला असे मात्र मी म्हणणार नाही, कारण एकेका माणसाच्या बाबतीत तसे ठामपणे सांगता येत नाही, आणि आजारी माणसाला त्याच्या सवयींचा जाब विचारून काही हाती लागत नाही.

जेवल्यानंतर पोटात उजवीकडे दुखते म्हणून तो सोनोग्राफीला गेला होता. पित्ताशयात खडे असावेत असा संशय होता आणि ते निघालेही. पण तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा हात नंतर डाव्या कुशीकडे गेला आणि तिथेच बराच वेळ थांबला. साडेसात सेंटीमीटरची गाठ. डावीकडे त्याला कधी दुखले नव्हते, लघवीतून रक्त गेले नव्हते, वजन उतरले नव्हते. कुशीत दुखणे, लघवीत रक्त येणे आणि हाताला गाठ लागणे ही या रोगाची पुस्तकातली तीन लक्षणे. पण ती तिन्ही एकत्र आज दहांतल्या एका रुग्णातही दिसत नाहीत. मूत्रपिंड पाठीकडे, चरबीच्या जाड गादीत दडलेले असते. तिथे गाठ वाढली तरी बराच काळ कोणाला पत्ता लागत नाही. निम्म्याहून अधिक गाठी अशाच, दुसऱ्या कशासाठी तरी केलेल्या तपासणीत अचानक सापडतात. जगभरात २०२२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सव्वाचार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले; त्यांतल्या कितीतरी जणांनी आपल्या मूत्रपिंडाचा त्या दिवसापर्यंत विचारही केला नसेल.

यानंतरच्या आठवड्यात जे झाले त्याचा सल माझ्या मनात अजून आहे. ज्या पहिल्या रुग्णालयात आम्ही गेलो तिथे डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या फिल्म उजेडासमोर धरल्या, “किडनी काढावी लागेल, उद्या ॲडमिट व्हा,” एवढे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. सारा मामला चार मिनिटांचा. सुईने तुकडा काढून तपासणार नाही का, असे वहिनीने दारातून विचारले. त्यावर “गरज नाही” एवढेच उत्तर मिळाले. बायोप्सी न करता कर्करोग कसा ठरवला, आणि कर्करोग ठरला असेल तर सगळे मूत्रपिंड का काढायचे, या दोन प्रश्नांनी आम्हांला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ॲडमिट होण्याऐवजी आम्ही पुण्याची गाडी पकडली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सल्ला तोच दिला, पण समोर बसवून, एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून दिला. शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन केला की मूत्रपिंडातली गाठ ते औषध किती शोषते हे दिसते, आणि भरीव, रक्तपुरवठा भरपूर असलेली मोठी गाठ बहुतेक वेळा कर्करोगाचीच असते. म्हणून जिथे शस्त्रक्रिया करायचीच आहे तिथे आधी सुई टोचून फारसे हाती लागत नाही. गाठ लहान असेल, चित्र संशयास्पद असेल किंवा शस्त्रक्रियेऐवजी औषध द्यायचे असेल तेव्हा बायोप्सी करतात. मग त्यांनी चित्रात मूत्रपिंडाच्या आतल्या खोबणीशी, जिथून रोहिणी आत जाते आणि शीर बाहेर पडते तिथे, पेन टेकवले. या कर्करोगाला शिरेत शिरण्याची खोड आहे. काही रुग्णांत तो शिरेच्या आतून वेलीसारखा वाढत मुख्य शिरेत आणि क्वचित थेट हृदयापर्यंत पोचतो, आणि तरीही निष्णात शल्यचिकित्सक तो काढू शकतात. दादाची शीर मोकळी होती, पण गाठ खोबणीला इतकी खेटून होती की मूत्रपिंडाचा भाग वाचवणे शक्य नव्हते. निर्णय पहिल्या डॉक्टरांचाच, पण आता तो आमचाही झाला होता.

भाग वाचवता येतो का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारलाच पाहिजे, असे आज मी आग्रहाने सांगते. गाठ चार सेंटीमीटरपर्यंत असेल तर शक्यतो फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड काढून बाकीचे मूत्रपिंड राखायचे, असा आजचा रिवाज आहे. सात सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींतही जागा सोयीची असेल तर तसे करता येते. त्यासाठी मूत्रपिंडाच्या रोहिणीला चिमटा लावून रक्त थोपवतात, गाठ कापून काढतात, उरलेला भाग शिवतात आणि चिमटा सोडतात, आणि हे सारे साधारण पंचवीस-तीस मिनिटांच्या आत व्हावे लागते, कारण रक्ताविना मूत्रपिंड त्याहून अधिक वेळ सुखरूप राहत नाही. शस्त्रक्रियागृहात एक जण चक्क घड्याळाची मिनिटे मोजून सांगत असतो. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा खरा फायदा इथे आहे, कारण खोल जागी भराभर आणि नेमके टाके घालणे त्यामुळे सोपे जाते. उगाच घातलेली महागडी भर म्हणून तिच्याकडे पाहू नये, आणि ती नाही म्हणून आपल्यावर अन्याय झाला असेही मानू नये. अनुभवी हात हे यंत्रापेक्षा महत्त्वाचे असतात.

एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. १८६९ साली हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सायमन या शल्यचिकित्सकाने ठरवून, विचारपूर्वक एक मूत्रपिंड काढले आणि ती रुग्ण स्त्री जगली, तेव्हा कुठे वैद्यकाला त्याची खात्री पटली. तिला कर्करोग नव्हता, मूत्रवाहिनीची जखम भरत नव्हती. आधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. १९९० साली अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिले मूत्रपिंड काढले. दादाची शस्त्रक्रिया मात्र पोट उघडून झाली.

शस्त्रक्रिया संपल्यावर डॉक्टरांनी मला आणि वहिनीला दाराशी बोलावून स्टीलच्या ट्रेमधले काढलेले मूत्रपिंड दाखवले. वहिनीने तोंड फिरवले; मी पाहिले. गाठीवर त्यांनी एक छेद दिला होता आणि आतला रंग पाहून मी चकित झाले, कारण लाल-तांबड्या मांसाच्या मधोमध तो भाग ओल्या हळदीच्या काप केलेल्या कांडीसारखा पिवळाधमक होता, त्यात कुठे रक्ताचे काळे डाग, कुठे राखाडी पट्टे. या पेशींत चरबी आणि साखरेचा साठा भरलेला असतो, म्हणून हा पिवळा रंग. सूक्ष्मदर्शकासाठी काप तयार करताना ही चरबी धुऊन जाते आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. म्हणून या प्रकाराला ‘क्लिअर सेल’ म्हणतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगांतले सुमारे तीन-चतुर्थांश याच प्रकारचे असतात. पॅपिलरी, क्रोमोफोब वगैरे बाकीचे प्रकार आणि त्यांची औषधे वेगळी असतात. याच पिवळ्या चरबीमुळे १८८३ साली पाउल ग्राविट्झ या जर्मन वैद्याचा असा समज झाला की ही गाठ मूत्रपिंडाची नसून त्याच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या चुकार पेशींची असावी. त्या समजातून पडलेले ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव जुन्या डॉक्टरांच्या तोंडी पुढे कितीतरी दशके टिकून राहिले.

आता केमोबद्दल. गाठ ज्या पेशींतून उगवते, त्या मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना आतून अस्तर लावणाऱ्या पेशी असतात, आणि शरीराला नको असलेली द्रव्ये उपसून बाहेर टाकणे हेच त्यांचे जन्मजात काम. कर्करोग झाला तरी त्या पेशी हे काम विसरत नाहीत. केमोथेरपीचे औषध आत शिरताच त्यांचे पंप ते बाहेर फेकतात. केमो निष्प्रभ ठरण्यामागे हे एक कारण मानले जाते. ठरावीक पद्धतीच्या किरणोपचारालाही हा रोग फारशी दाद देत नाही असे दीर्घकाळ मानले गेले. अलीकडे अचूक नेम धरून मोठ्या मात्रेत किरण देण्याच्या तंत्राने हे चित्र बदलू लागले आहे, विशेषतः हाडातल्या किंवा मेंदूतल्या एखाद्या गाठीसाठी. म्हणजे केमो दिली नाही यात हयगय नव्हती. तिने त्रास झाला असता, उपयोग झाला नसता. एवढे एक वाक्य कोणी बोलले असते, तरी आईने देवाला घातलेली निम्मी साकडी वाचली असती.

दादाचा अहवाल आला : क्लिअर सेल, पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याच्या चार प्रतींपैकी (ग्रेड) तिसरी प्रत, रोग मूत्रपिंडाबाहेर गेलेला नाही, म्हणजे दुसरा टप्पा. “पुढे काय?” या प्रश्नाचे उत्तर या तीन गोष्टींवर बरेचसे अवलंबून असते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असताना सापडला तर पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्ण या रोगाच्या तावडीतून वाचलेले असतात. आजूबाजूला किंवा लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) पसरला असेल तर सुमारे ७५ टक्के. आणि दूरच्या अवयवांत पोचला असेल तर पाचांतला एकही पुरता नाही. हे शेवटचे आकडे वाचून मी एका रात्री बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. तेव्हा हे कळत नव्हते की असे आकडे नेहमी मागे पाहून काढलेले असतात; पाच वर्षांचे जगणे मोजायचे तर रुग्ण पाच वर्षांपूर्वीचे लागतात, आणि त्यांना मिळालेली औषधेही त्याच काळातली असतात. या रोगात तर औषधे इतक्या वेगाने बदलली की कालचा आकडा आजच्या माणसाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर पुढे काहीच द्यायचे नाही, केवळ ठरलेल्या महिन्यांनी तपासत राहायचे, हा त्या काळचा नियम होता. २०२१ पासून त्यात एक अपवाद झाला आहे. रोग परतण्याची भीती जास्त असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वर्षभर पेंब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागवणारे औषध देता येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चार वर्षांनंतर औषध घेतलेल्यांतले सुमारे ९१ टक्के आणि न घेतलेल्यांतले ८६ टक्के हयात होते. हा फायदा खरा आहे. पण औषधाविनाही ८६ जण हयात होते हेही तितकेच खरे आहे, आणि या औषधाने थायरॉइड किंवा अधिवृक्क ग्रंथीला इजा झाली तर ती जन्मभराची असू शकते. माझ्या मते हा निर्णय डॉक्टरांनी एकट्याने घेण्याचा नाही. दादाची दुसऱ्या टप्प्यातली, तिसऱ्या प्रतीची गाठ त्या निकषांत बसलीच नसती.

उलट टोकाचे एक उदाहरण आमच्या शेजारीच आहे. शेजारच्या काकू एकोणऐंशी वर्षांच्या. दोन झटके येऊन गेलेले हृदय, आणि उजव्या मूत्रपिंडात जेमतेम दोन सेंटीमीटरची गाठ. डॉक्टरांनी सांगितले की तूर्त काही करायचे नाही, सहा महिन्यांनी पाहू. त्यांचा मुलगा अस्वस्थ होऊन माझ्याकडे आला. आईवर उपचार टाळणारा मुलगा असे लोक म्हणतील, ही त्याची खरी भीती होती. पण चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींपैकी साधारण पाचांत एक गाठ कर्करोगाची नसतेच, आणि ज्या असतात त्यांतल्या बहुतेक वर्षाला सरासरी तीनेक मिलिमीटर या गतीने वाढतात. अशी गाठ नजरेखाली असताना ती पसरण्याची शक्यता शंभरांत एकदोन इतकीच असते. काकूंना भूल देण्यातला धोका याहून मोठा होता. गाठ वाढू लागलीच तर सुई घालून ती गोठवून किंवा तापवून मारण्याचा उपायही हाताशी आहे. चार वर्षे झाली. काकू अजून स्वतः वाती वळतात. लक्ष ठेवणे हाही उपचार आहे, हे पटायला आपल्या समाजाला जड जाते; हात चालवला तरच काही केले असे आपण मानतो.

दादाच्या बाबतीत पाच वर्षे चांगली गेली. पाचव्या वर्षाच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत मिळून चार गाठी दिसल्या, सर्वांत मोठी सव्वा सेंटीमीटरची. हा रोग दहा-पंधरा वर्षांनीही परततो, म्हणून त्याच्या बाबतीत ‘पाच वर्षे झाली, सुटलो’ असे म्हणू नये. या वेळी आम्ही एका कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे होतो. त्यांनी सहा गोष्टी पाहिल्या : निदानापासून औषधाची गरज पडेपर्यंत वर्ष लोटले आहे का, माणूस आपली कामे आपण करतो का, आणि रक्तातले हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल व प्लेटलेट प्रमाणात आहेत का. सहाही गोष्टी ठीक असलेला गट सर्वांत बरा. एक-दोन बिघडलेल्या असतील तर मधला. तीन किंवा अधिक असतील तर कठीण. गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या गोळ्यांचाच जमाना होता तेव्हा या तीन गटांतले निम्मे रुग्ण अनुक्रमे ४३, २२ आणि ८ महिन्यांच्या आसपास हयात असत. एकाच रोगाच्या, एकाच टप्प्याच्या माणसांत एवढे अंतर! “किती दिवस आहेत?” असे विचारणाऱ्याला ‘चौथा टप्पा’, म्हणजे दूर पसरलेला रोग, या दोन शब्दांत उत्तर का देता येत नाही, हे त्या दिवशी मला समजले. दादा बऱ्या गटात होता, गाठी लहान होत्या, त्रास काही नव्हता. म्हणून डॉक्टरबाईंनी औषध सुरूच केले नाही. आठ महिने नुसते पाहिले. मावशीचा फोन दर आठवड्याला येई आणि तिचा प्रश्न तोच असे.

गाठी वाढू लागल्या तेव्हा सुनिटिनिब हे तोंडाने घ्यायचे औषध सुरू झाले. ही केमो नव्हे, हे इथेही सांगावे लागले. या औषधामागची कथा मला फार मोलाची वाटते. व्हीएचएल नावाचे एक जनुक आहे. काही कुटुंबांत ते सदोष रूपात पिढ्यान्‌पिढ्या येते आणि त्या कुटुंबांत मूत्रपिंडाच्या गाठी वारंवार होतात. १९९३ साली ते जनुक सापडले आणि पुढे दिसले की घराण्यात रोग नसलेल्या सामान्य रुग्णांच्या क्लिअर सेल गाठींतही बहुधा तेच बिघडलेले असते. ते बिघडले की पेशीला प्राणवायू कमी पडल्याचा खोटा भास होत राहतो आणि ती सतत नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पेशीला प्राणवायूची जाणीव कशी होते याचा हा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. सोराफेनिब २००५ च्या अखेरीस आणि सुनिटिनिब २००६ च्या आरंभी मान्य झाले; दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्यांची ही मागणी अडवतात. इंटरफेरॉन या जुन्या औषधाने रोग सरासरी पाच महिने थोपत असे, सुनिटिनिबने अकरा. आता तर त्या खोट्या भासाच्या मुळाशीच घाव घालणारे बेल्झुटिफान आले आहे.

गोळी आली म्हणजे ती परवडली असे नव्हे. सोराफेनिबचा एका महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईतून दिलेल्या आदेशाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध, पेटंट असलेल्या बायर कंपनीच्या संमतीविना, ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा परवाना मिळाला. भारतातला हा असा पहिला परवाना. बायर कंपनीने तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत आव्हान देऊन पाहिला, तो टिकला. ते औषध यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्याच कर्करोगाचे होते. आपल्या राज्याच्या राजधानीतल्या एका कार्यालयात झालेला हा निर्णय किती घरांच्या चुलीपर्यंत पोचला असेल, याचा विचार मी कारखान्याच्या पतसंस्थेत दादाच्या कर्जाला जामीन म्हणून सही करताना केला होता.

चार आठवडे रोज एक कॅप्सूल आणि दोन आठवडे विश्रांती, असा सुनिटिनिबचा क्रम. तिसऱ्या आठवड्यात दादाचे तळपाय सोलवटत; वहिनी रात्री त्यांना युरियाचे मलम लावून सुती मोजे घाली. तोंडाची चव गेली, खर्डा जिभेला झोंबू लागला, रक्तदाब चढला, थायरॉइड मंदावला. कातडी पिवळट दिसू लागली तेव्हा कावीळ म्हणून आम्ही घाबरलो. तो औषधाचाच रंग होता. आणि मिशी! दादाची मिशी आकडेबाज, साठीला टेकला तरी काळीभोर. हे औषध केसांत रंग उतरवणारी प्रक्रिया थांबवते. त्यामुळे औषधाच्या चार आठवड्यांत उगवलेला भाग पांढरा आणि विश्रांतीच्या दोन आठवड्यांतला काळा, असे पट्टे त्या मिशीत उमटले, मुळापासून टोकापर्यंत मोजावेत असे. गावच्या केस कापणाऱ्याने कात्री थांबवून विचारले तेव्हा दादा म्हणाला, “औषधाची हजेरी आहे ती. तू काप.” पुढे डॉक्टरबाईंनी क्रम बदलून दोन आठवडे औषध, एक आठवडा विश्रांती असा केला आणि तळपाय सुधारले. त्रास होतो म्हणून रुग्ण घरच्या घरी गोळ्या सोडून देतात. त्याऐवजी डॉक्टरांना सांगितले तर क्रम आणि मात्रा बदलता येते.

सुनिटिनिबने वीस महिने दिले. २०२० च्या पावसाळ्यात, टाळेबंदीचे पास काढून पुण्याला जावे लागत असताना, गाठी पुन्हा वाढल्या आणि निवोलुमॅब सुरू झाले. कर्करोग आपल्या प्रतिकारपेशींना जो लगाम लावून ठेवतो तो हे औषध सोडवते. या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाला प्रतिकारशक्ती वठणीवर आणू शकते ही कल्पना मात्र जुनी आहे. १९९२ साली अमेरिकेत मान्य झालेले इंटरल्युकिन-२ मोजक्या रुग्णांत रोग कायमचा पुसून टाकत असे, पण ते अतिदक्षता विभागात झेपवावे लागे. गोळ्यांनंतर निवोलुमॅब घेणाऱ्या साधारण चारांपैकी एका रुग्णाच्या गाठी ठळकपणे आक्रसतात. दादा त्या चारांतला एक निघाला, आणि बाकीच्या तिघांच्या घरांची आठवण ठेवूनच मी हे लिहिते. दोन वर्षांनी सांध्यांची सूज वाढली म्हणून औषध थांबवले. गाठी आजतागायत आहेत तिथे, आहेत तेवढ्याच आहेत.

आज एखाद्याचा रोग सुरुवातीलाच पसरलेला निघाला तर बहुधा दोन औषधे एकत्र देतात, दोन्ही प्रतिकारशक्तीची किंवा एक त्या जातीचे आणि एक गोळी. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीच्या मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर ४८ टक्के रुग्ण हयात होते, केवळ सुनिटिनिब घेतलेल्यांत ३७ टक्के. आधी मूत्रपिंड काढलेच पाहिजे हा आग्रहही २०१८ नंतर उरलेला नाही. रोग बराच पसरलेला असेल तर औषध आधी सुरू करणे श्रेयस्कर ठरते. दम लागणे, सतत जुलाब, विलक्षण थकवा ही लक्षणे मात्र या औषधांवर असताना अंगावर काढू नयेत, कारण सुटलेली प्रतिकारशक्ती फुफ्फुसावर किंवा आतड्यावरही उलटू शकते आणि वेळीच स्टेरॉइड दिले तर आवरते. खर्चाचे दुखणे कायम आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ साली दाखवून दिले की डोके आणि मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबच्या अवघ्या २० मिलिग्रॅमच्या मात्रेनेही आयुष्य वाढते. मूत्रपिंडाच्या रोगाला तो निष्कर्ष आपोआप लागू होत नाही. पण आपल्या देशाच्या गरजेतून असे प्रश्न विचारले जात आहेत याचे मला फार समाधान वाटते.

परवा एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. वडिलांच्या उजव्या मूत्रपिंडात गाठ निघाली होती. त्याने पहिल्याच वाक्यात विचारले, “मॅडम, केमो कधी सुरू करतील?” मी त्याला सीटीचा अहवाल हातात घेऊन वाचायला सांगितले. गाठ चार पूर्णांक दोन सेंटीमीटरची, खालच्या टोकाला, अर्धी बाहेर डोकावणारी. लसिकाग्रंथी वाढलेल्या नाहीत. फुफ्फुसे स्वच्छ. भाग वाचवता येईल का असे डॉक्टरांना आधी विचार, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन किती आहे ते पाहा, वडिलांना गुडघ्यासाठी परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून देऊ नकोस, असे मी एकेक सांगत गेले आणि तो लिहून घेत गेला. मग तो एका ओळीशी अडखळला.

“मॅडम, इथे ‘रीनल व्हेन पेटंट’ असे लिहिले आहे. हे काय?”

“शीर मोकळी आहे. गाठ शिरेत गेलेली नाही.”

“मोकळी आहे,” तो स्वतःशी म्हणाला, आणि फोन तसाच चालू ठेवून आतल्या खोलीत वडिलांना सांगायला गेला. त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. भांड्यावर भांडे ठेवल्याचा आणि कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.